चोवीस इंची कंबरपट्टा

"श्वास आत घे," माई म्हणाल्या.

मी घेतला.

"अजून घे."

"माई, आता आत जागा नाही हो."

माझा साखरपुडा अर्ध्या तासापूर्वीच उरकला होता. अंगावर मोरपंखी शालू होता, तोंडात पेढा होता, आणि मी परभणीच्या आमच्या घरात मधल्या खोलीत दोन्ही हात वर करून उभी होते. होणाऱ्या सासूबाई माझ्यापुढे गुडघे टेकून बसल्या होत्या आणि चांदीचा एक जुना कंबरपट्टा माझ्या पोटाभोवती ओढत होत्या. पट्टा मोठा सुरेख होता. दोन टोकांना दोन मोर, आकडा लागला की त्यांच्या चोची एकमेकींना टेकाव्यात अशा बेताने घडवलेले. माझ्या पोटावर मात्र दोघं रुसल्यासारखे लांब उभे राहिले. माईंनी मध्ये वीत धरून पाहिली. बरोबर एक वीत भरली.

"हा आमचा कुळाचार आहे," पट्टा लाल फडक्यात गुंडाळत माई म्हणाल्या. "हिवरेकरांची सून उंबरठा ओलांडते ती हा पट्टा घालून. पट्ट्याविना या घरात एकही सून आलेली नाही. त्याला कडी जोडायची नाही, सोनाराकडे न्यायचा नाही, दोऱ्याने आवळायचा नाही. जसा आहे तसा बसला पाहिजे."

"आणि नाहीच बसला तर?" माझ्या आत्याने विचारलं.

"बसेल की. मार्गशीर्षाला चांगले पाच महिने आहेत. तोवर नाही बसला, तर वैशाख धरू." फडक्याची गाठ मारत त्या पुढे म्हणाल्या, "मागं लातूरच्या एका मुलीसाठी आम्ही दोन वैशाख धरले होते. मग तिच्या वडिलांनी तिचं दुसरीकडे जमवलं."

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. आज माझं वय त्या वेळच्या माईंएवढं झालंय, म्हणून त्यांच्याविषयी जरा समजुतीने लिहिता येतंय. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि कमरेत तेहेतीस इंच. पट्टा फडक्यात जाण्याआधी आत्याने शिवणाची टेप लावून घेतली होती. तो चोवीस भरला.

आमच्या घरात आम्ही तिघंच. आई मी आठवीत असताना गेली. बाबा, मी आणि बाबांची बहीण, जिजीआत्या. आत्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. तिने लग्न केलं नव्हतं, आणि बेडकापासून मंत्र्यापर्यंत कुणाचंही पोट उघडून आत काय आहे ते दाखवायची तिची सदैव तयारी असायची. आम्हा तिघांची अंगकाठी अगदी सारखी. पाय बारीक, मनगटं बारीक, मान बारीक, आणि मध्ये भरभक्कम ऐवज. रस्त्याने तिघं एकदम निघालो की ओळखीचे लोक म्हणायचे, टाकळकर चालले.

आणि मला हे लग्न हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं. याआधीच्या तीन स्थळांनी मला पाहून "मुलगी हुशार आहे" असं कळवलं होतं, आणि त्याचा अर्थ मराठवाड्यात सगळ्यांना समजतो. उपेंद्र अंबाजोगाईच्या कॉलेजात ग्रंथपाल होता. मुलगी पाहायला आला तेव्हा सगळ्यांच्या हातात पोह्यांच्या बशा होत्या आणि मी रिकाम्या हातांनी बसले होते. त्याने आपली बशी माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाला, "अर्धे घ्या ना. मला एवढे जात नाहीत." मुलीला पोहे विचारणारा मुलगा मी तोवर पाहिला नव्हता. त्याच क्षणी मी ठरवून टाकलं की नवरा हाच. आता हाच नवरा चांदीच्या दोन मोरांमुळे हातचा जाणार की काय, या धसक्याने माझी झोप उडाली.

दुसऱ्या दिवसापासून मी कंबर कसली, म्हणजे तसा प्रयत्न सुरू केला. सकाळी कोमट पाण्यात लिंबू-मध, दुपारी अर्धी भाकरी आणि बिनतेलाची भाजी, संध्याकाळी काकडी, रात्री काकडीची आठवण. दोरीवरच्या उड्या सुरू केल्या, त्या पाचव्या दिवशी बंद पडल्या, कारण खालच्या बिऱ्हाडातल्या देवघरात छताचा पोपडा नेमका बाळकृष्णावर पडला. मग शेजारच्या वहिनींच्या सल्ल्याने पोटाला प्लॅस्टिकचा कागद गुंडाळून मैदानाला फेऱ्या मारू लागले. चालताना तो कागद असा काही वाजायचा की पुढचे लोक दचकून वळायचे आणि मला वाट करून द्यायचे.

बाबांनी मला साथ द्यायचं ठरवलं. "पोरगी उपाशी आणि बाप जेवायलाय, हे बरं दिसत नाही," असं म्हणून तेही माझ्या शेजारी बसून गंभीरपणे काकडी खायचे. मग "जरा कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो" म्हणून बाहेर पडायचे आणि मिशीला शेव लावून परत यायचे. दोन महिन्यांत त्यांचं वजन अडीच किलोंनी वाढलं.

माझं सात किलोंनी कमी झालं. पण गेलं कुठून? गाल गेले. मान गेली. बोटं अशी रोडावली की साखरपुड्याची अंगठी एकदा आमटीत पडली आणि बाबांच्या वाटीत निघाली. पायातल्या चपला ढिल्या झाल्या. ब्लाउजच्या बाह्या लोंबू लागल्या. देवळात एका बाईंनी मला "कावीळ होती का गं?" म्हणून विचारलं. आणि कंबर? साडेबत्तीस. तो अर्धा इंचसुद्धा टेप ओली होती म्हणून मिळाला, असं आत्याचं मत.

त्यानंतर तर वजनाचा काटाही अडून बसला. काकडी तीच, फेऱ्या त्याच, पण काटा हलायला तयार नाही. भूक मात्र दिवसेंदिवस चढत चालली. मला शंकरपाळ्यांची स्वप्नं पडू लागली. एका संध्याकाळी आत्या कॉलेजातून आली, तेव्हा मी स्वयंपाकघरात जमिनीवर फतकल मारून बसले होते, मांडीत शेंगदाण्याच्या चटणीची बरणी, बाजूला तेलाची बुधली, आणि गालांवरून टिपं ओघळत होती.

"रडायलीस कशाला गं?"

"मी नालायक आहे आत्या. माझ्या मनाला जोरच नाही."

"मनाचा इथं काय संबंध?" आत्याने पर्स ठेवली, बरणीत बोट घालून चटणी चाखली आणि माझ्यासमोर बसली. वर्गावर उभी राहायची तसा तिचा चेहरा झाला. "हे बघ, ही कंबर तू कमावलेली नाहीस. ती टाकळकरांची आहे. तुझ्याकडे वारशाने आलीय. माझ्याकडे आलीय, तुझ्या बापाकडे आलीय. रंग येतो, नाक येतं, तशी चरबी कुठे साठवायची याची सवयही रक्तातून येते."

"पण सात किलो गेले ना? मग कंबर का जात नाही?"

"चरबीच्या पेशी असतात बाई. तू उपाशी राहिलीस की त्या रिकाम्या होतात. मरत नाहीत. रिकाम्या पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहतात, कधी तू जेवतेस याची वाट बघत. आणि आधी कुठल्या जागच्या रिकाम्या व्हायच्या, हे तुला विचारून ठरत नाही. तुझ्या गालांचा नंबर आधी लागला. कमरेचा शेवटी."

"शेवटी म्हणजे कधी?"

"त्याच्या आधी बहुतेक माणसाचा नंबर लागतो."

मी बरणी अजून घट्ट धरली. "आणि ही भूक? पहिल्यांदा एवढी नव्हती लागत."

"ती तर गंमतच आहे." आत्याचे डोळे चमकले. "दोन-तीन वर्षांखाली अमेरिकेत उंदरांवर काम करताना सापडलं. चरबी नुसती बसून राहत नाही. ती रक्तातून मेंदूला निरोप धाडत असते, की साठा आहे, काळजी नको. साठा घटला की निरोप मंदावतो. मग मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. तो भूक वाढवतो आणि अंगाचा खर्च कमी करतो. तुझा मेंदू सध्या बहात्तरच्या दुष्काळात बसलाय वृंदे. त्याला काय ठाऊक, की बाहेर नुसतं लग्न ठरलंय!"

इतक्यात बाबा आले आणि दारातच उभे राहून ऐकू लागले. आत्याला अजून एक विद्यार्थी मिळाला. तिने सांगितलं, की परदेशात जुळ्या भावांच्या बारा जोड्या घेतल्या आणि त्यांना जवळजवळ शंभर दिवस रोज गरजेपेक्षा खूप जास्त खायला घातलं. सगळ्यांना सारखंच जास्तीचं. तरी कुणी चार किलो वाढला, कुणी तेरा. पण एका जोडीतले दोघे भाऊ जवळपास सारखेच वाढले, आणि चरबीही दोघांच्या सारख्याच जागी चढली.

बाबा अगदी गहिवरून ऐकत होते. "शंभर दिवस? फुकट?" त्यांनी विचारलं. "जिजे, अर्ज कुठे करायचा असतो याला?"

मला हसू आलं आणि लगेच पुन्हा रडू आलं.

"मग मी करू तरी काय?"

"नीट जेव. चालायला जा, चालणं चांगलंच असतं. दोन-तीन इंच हळूहळू कमीही होतील, तब्येत चांगली राहील. पण तेहेतीसची चोवीस व्हायची नाही. त्यासाठी दुसऱ्या घरात जन्म घ्यायला हवा होता. मी जाऊन सांगते त्या माईंना."

"नको!" मी ओरडलेच. डोळ्यांपुढे लातूरची मुलगी आली आणि तिच्यामागे ओळीने वैशाख आले.

त्याच रविवारी उपेंद्रचा फोन आला. तो एसटीडी बूथमधून फोन करायचा, कारण घरचा फोन माईंच्या खुर्चीशेजारी होता. आवाज दबलेला होता.

"वृंदा, मी एक प्रयोग केला. माई देवळात गेल्या होत्या, तेव्हा पट्टा काढून मी स्वतःला लावून पाहिला."

"अगंबाई! मग?"

"माझी कंबर तीस. मी एवढा काटकुळा, तरी मला बसला नाही. म्हणजे चूक तुझी नाही, पट्ट्याची आहे. मग म्हटलं, हा बसतो तरी कशाला, ते बघू. मांडीच्या अगदी वरती बसला. कसाबसा, पण बसला."

"शहाणेच आहात तुम्ही."

"पुढे ऐक. निघेना."

"म्हणजे?"

"म्हणजे आकडा अडकला."

"उपेंद्र, पट्टा आत्ता कुठे आहे?"

पलीकडे बूथचं दार ओढून घेतल्याचा आवाज आला. "पायजम्यात," तो म्हणाला.

पुढे बूथवाल्याने खोबरेल तेल दिलं आणि पट्टा सुटला, पण त्याआधी उपेंद्रने फोनवर एक गोष्ट सांगितली ती मी विसरणार नाही. तो म्हणाला, "पट्टा बसो नाहीतर न बसो, मी लग्न तुझ्याशीच करणार आहे. फक्त हे माईंना कसं सांगायचं, तेवढं सुचायचंय." मला भरून आलं, आणि धीर मात्र काही आला नाही. आईसमोर त्याला काहीही सुचत नसे, हे मी साखरपुड्यातच पाहिलं होतं.

भाद्रपदात अंबाजोगाईहून निरोप आला. हिवरेकरांच्या थोरल्या घरी महालक्ष्म्या बसतात, तिथे मला कुमारिका म्हणून जेवायला बोलावलं होतं. थोरलं घर म्हणजे माईंच्या चुलतसासऱ्यांचं. दोन्ही घरांत पंचेचाळीस वर्षांचं वैर होतं. कुठल्याशा मुंजीत थोरल्यांच्या जावयाला पाट मिळाला आणि धाकट्यांच्या जावयाला सतरंजी, यावरून वाटणी झाली होती. महालक्ष्म्या थोरल्यांकडे राहिल्या, दागिने निम्मे निम्मे झाले, आणि बोलणं बंद. माई त्यानंतर दहा-बारा वर्षांनी लग्न होऊन आल्या, त्यामुळे त्यांनी थोरल्या घरच्या महालक्ष्म्या कधी पाहिल्याच नव्हत्या. आता त्या घरच्या थोरल्या काकूंचं, म्हणजे माईंच्या चुलतजाऊबाईंचं, वय झालं होतं. होणाऱ्या नव्या सुनेच्या निमित्ताने वैर मिटवावं म्हणून त्यांनीच पाऊल उचललं होतं.

मी आत्याला घेऊन गेले. माईंनी दारातच माझ्या गालांकडे पाहिलं आणि त्या खूश झाल्या. मग आत नेऊन पट्टा लावला. मोर अजूनही वीतभर लांब. माईंचा चेहरा उतरला.

"देवीच्या पायाशी ठेवू हा पट्टा," त्या म्हणाल्या. "तिला म्हण, माझी कंबर उतरव. तिनेही नाही ऐकलं, तर आज जेवण झाल्यावर मी तुझ्या बाबांना फोन करते. वैशाख धरू."

"माई, मी काय म्हणत होतो..." उपेंद्र पुढे झाला.

"काय?"

"रिक्षा आणू का?"

आत्याने त्याच्याकडे असं पाहिलं, की कॉलेजातला बेडूक असता तर स्वतःहून ट्रेमध्ये जाऊन झोपला असता.

थोरल्या घरात पाय ठेवला आणि पुरणाचा वास आला. अडीच महिन्यांनंतरचा पुरणाचा वास. मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. समोर ज्येष्ठा आणि कनिष्ठा उभ्या होत्या, पितळी मुखवटे, नाकात नथी, भरजरी शालू, गळ्यापासून पायांपर्यंत शेवंतीचे हार, वरती फुलोरा टांगलेला. माईंनी लाल फडकं सोडून पट्टा कनिष्ठेच्या पायाशी ठेवला आणि मला कोपराने ढोसलं. मी हात जोडले. काय मागायचं ते आधीपासून पाठच होतं. आई, नऊ इंच, मी मनात म्हणाले. नऊ नाही तर सहा. नाहीतर ह्यांना बोलायची बुद्धी तरी दे.

थोरल्या काकू आरतीचं ताट घेऊन आल्या. पंचाहत्तरीच्या, वाकलेल्या, पण नजर सुईसारखी. त्यांची नजर पायाशी ठेवलेल्या पट्ट्यावर गेली.

"अगं माय! हा इथं कसा आला?"

"आमच्याकडचा आहे," माई ताठ होत म्हणाल्या. "धाकट्या घरच्या सुनेचा कंबरपट्टा. पिढीजात."

काकूंनी ताट खाली ठेवलं, ज्येष्ठेजवळ गेल्या आणि तिच्या कमरेवरचे हार हाताने बाजूला केले. खाली चांदीचा पट्टा होता. दोन मोर, चोचीला चोच लावलेले. मग त्यांनी कनिष्ठेचे हार बाजूला केले. तिच्या कमरेला लाल दोरा बांधलेला होता. काकूंनी तो सोडला, आमचा पट्टा उचलला, तिच्याभोवती फिरवला आणि आकडा लावला. खट् असा आवाज झाला. मोर चोचीला चोच लावून बसले.

"पंचेचाळीस वर्षं झाली," काकू डोळ्यांना पदर लावत म्हणाल्या, "करदोटा बांधून उभी करायलोत आम्ही हिला. दरसाली वाटायचं, एकीला चांदी आणि एकीला दोरा, काय म्हणत असेल ही!"

आत्या पुढे झाली आणि तिने शालूवरून कनिष्ठेच्या पोटावर टिचकी मारली. टण्ण, आवाज आला.

"पत्रा," आत्याने निदान केलं.

"पत्र्याचीच कोठी की," काकू म्हणाल्या. "आत गहू भरतो आम्ही, वरती मुखवटा. जुन्या कोठ्या गंजल्या तेव्हा नव्यांचं माप मीच दिलं होतं. कंबर चोवीस."

मी कनिष्ठेकडे बघतच राहिले. तिच्यात कितीही गहू भरले तरी चोवीस, आणि माझ्यातून काहीही काढलं तरी तेहेतीस. अडीच महिने मी हिच्याशी बरोबरी करत होते.

"पण मामंजींनी स्वतः दिला होता मला," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "लग्नाच्या वेळी. म्हणाले, आपल्या घरचा आहे, घालून ये."

"त्यांना काय ठाऊक बाई? तुझ्या सासूबाई वाटणीनंतर वर्षभरातच गेल्या. पुरुषमाणूस. पेटीत चांदीचा कंबरपट्टा दिसला, घरात सून यायलीय, दिला घालायला. देवीचा कुठला आणि बाईचा कुठला, हे त्यांना सांगणारं होतंच कोण?"

"माई," आत्याने अगदी हळू विचारलं, "तुमच्या आधी कुठल्या कुठल्या सुनांनी घातला होता हा?"

माई बोटांवर मोजू लागल्या आणि पहिल्याच बोटावर अडल्या. मामंजी धाकटे, त्यांना एकच मुलगा, त्या मुलाची बायको माई. त्यांच्या आधी कुणी नव्हतंच. हिवरेकरांच्या धाकट्या घरचा तो पिढीजात कुळाचार आजवर एकदाच पाळला गेला होता.

"मला बसला होता," माई म्हणाल्या आणि खाली सतरंजीवर बसल्या. "मला बसला होता की."

"बसला तरी कसा गं?" काकूंनी विचारलं.

माईंनी आमच्याकडे पाहिलं नाही. त्या कनिष्ठेकडे बघून बोलू लागल्या. "आठ दिवस नुसत्या ताकावर होते. आईने दोन बायका लावून आवळला. उंबरठ्यावर आले, माप ओलांडायला पाय उचलला आणि डोळ्यांपुढे अंधार. मापासकट आडवी झाले. लोक म्हणाले, नव्या नवरीच्या अंगात देवी आली. मला कुंकू लावलं, हार घातला. एक गृहस्थ पाया पडून विचारायला लागले, माझी बदली कुठे होईल? मी म्हटलं, पाणी. पाणी."

"मग?" उपेंद्र म्हणाला. त्याने ही गोष्ट कधीच ऐकली नव्हती.

"लोकांनी अर्थ लावला, पाणीपुरवठा खात्यात."

"आणि झाली?" आत्याने विचारलं.

"झाली हो," माई रडवेल्या होऊन म्हणाल्या. "म्हणून तर तेव्हापासून पट्ट्याला एवढं महत्त्व."

काकूंना पहिल्यांदा हसू फुटलं. मग आत्याला. मग मला, आणि मला आवरेना. माईसुद्धा हसल्या, खांदे हलेपर्यंत हसल्या, आणि हसता हसता त्यांचा सूर बदलला.

"महिन्याला एकदा दार लावून घालून बघत होते मी. अजून बसतोय ना म्हणून. तेहेतीस वर्षं. सणावाराला कधी दुसरी पोळी घेतली नाही. सगळ्यांना आग्रह करायचा, वाढायचं, आणि आपण एकीवर उठायचं. बाळंतपणानंतर पोट सुटलं तेव्हा किती रडले असेन, देवालाच ठाऊक. आणि त्या लातूरच्या पोरीला मी काय काय बोलले. चांगली होती गं पोरगी." त्यांनी मान वर केली. "पत्र्याच्या कोठीसाठी!"

मला वाटलं होतं, पट्ट्याचं बिंग फुटलं की मला नाचावंसं वाटेल. तसं काही झालं नाही. मला त्यांचं फार वाईट वाटलं. मी त्यांच्याशेजारी जाऊन बसले.

"माई," उपेंद्र म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याच्या कपाळावर घाम होता. "लग्न मार्गशीर्षातच."

"तुला कुणी विचारलंय?" माईंनी सवयीने विचारलं. मग नाक पुसलं. "मार्गशीर्षातच. पहिला मुहूर्त धरायचा."

काकू आकड्याला हात घालत म्हणाल्या, "पट्टा तुमच्या वाटणीचा आहे बरं का. जाताना घेऊन जा."

"राहू द्या जाऊबाई," माई म्हणाल्या. "तिला बसतोय. आणि तिला भूक लागत नाही."

पंगत बसली. माई आणि मी शेजारी शेजारी. सोळा भाज्या, कटाची आमटी, आंबील, आणि काकूंच्या हातची पुरणपोळी, वाफ निघत असलेली. मी पहिली पोळी कधी संपवली ते मलाच कळलं नाही. माईंनीही आपली संपवली, हळूहळू, कडेकडेने, शेवटच्या तुकड्यापर्यंत. काकू पुन्हा ताट घेऊन आल्या तेव्हा माईंचा उजवा हात पानावर आडवा आला. तो तसाच तिथे थांबला. मग त्यांनी तो बाजूला घेतला.

दुसरी पोळी त्यांनी मान खाली घालून खाल्ली. मध्येच एकदा डाव्या हाताने डोळे पुसले. संपली तशा काकू लगेच तिसरी घेऊन उभ्या राहिल्या. माईंनी पोळीकडे पाहिलं, कनिष्ठेकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळून अगदी लहान आवाजात विचारलं, "घेऊ का गं?"

तोवर सगळेच माईंना असं विचारताना मी पाहिले होते. माईंनी कुणाला विचारलेलं कधीच पाहिलं नव्हतं.

"घ्या ना माई," मी म्हणाले, आणि तुपाची वाटी त्यांच्याकडे सरकवली.